नाताळच्या झाडाभोवती आगगाडी: ओ, एचओ, जी की ऑन३०?

अमेरिकेत नाताळच्या झाडाखाली गाडी फिरवायची तर बहुतेक जण खोक्यावरचं चित्र आणि किंमत बघतात. त्याआधी तीन मापं घ्या. स्टँडच्या पायांचा पसारा किती, जमिनीपासून सर्वांत खालची फांदी किती उंच (ही उंची सजावट लटकवून झाल्यावर मोजा, फांद्या वजनाने खाली येतात), आणि खालच्या फांद्यांची आरपार रुंदी किती. चौथी गोष्ट मापाची नाही, पण निर्णय बहुतेक वेळा तीच करते: खाली कार्पेट आहे की लाकूड, फरशी?

ओ गेज

प्रमाण १:४८ (गाडी खऱ्या गाडीच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकी), रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, सव्वा इंच. लायोनेल कंपनीचे तीन रुळांचे संच याच गेजचे. मधल्या रुळातून वीज येते आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते. चाकांच्या कडा खोल आणि इंजिन वजनदार असल्यामुळे रुळाला थोडा उंचसखलपणा असला तरी गाडी सहसा घसरत नाही. झाडाखाली हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे.

लायोनेलच्या फास्टट्रॅकचे (खाली प्लॅस्टिकची बैठक जोडलेले रूळ) ओ३६ वळणाचे ८ तुकडे जोडले की ३६ इंच व्यासाचं वर्तुळ होतं (माप मधल्या रुळापासून मधल्या रुळापर्यंत). त्यात १० इंचाचे ४ सरळ तुकडे घातले की साधारण ४० बाय ६० इंचांची लंबगोल वाट तयार. डबे वळणावर आतल्या बाजूला येतात, म्हणून वर्तुळात स्टँडसाठी ३१ इंचांची मोकळी जागा धरून चाला. गाडीला ५ इंच उंची लागते, फांदी ७ इंचांवर असली तर निर्धास्त.

अडचण वेगळीच आहे. साडेसात फुटी झाड खाली आरपार ५०-६० इंच सहज असतं, त्यामुळे ३६ इंचांचं वर्तुळ पूर्ण फांद्यांखाली जातं आणि गाडी दिसतच नाही. तेव्हा ओ४८ (१२ तुकडे) किंवा ओ६० (१६ तुकडे) घ्या. लांब प्रवासी डबे आवडत असतील तरी मोठंच वळण लागेल; ओ३६ वर आखूड मालडबेच शोभतात.

फास्टट्रॅक जोडताना दोन्ही तुकडे जमिनीवर सपाट ठेवून समोरासमोर दाबायचे. एक टोक उचलून तिरकं घुसवलं की मधली पिन वाकते, आणि मग गाडी दर फेरीला नेमकी त्याच सांध्यावर अडखळते. बारीक तोंडाच्या पकडीने पिन सरळ केली की काम होतं. वर्तुळ मोठं केल्यावर पलीकडच्या बाजूला वेग मंदावला, तर तो सांध्यांतून होणारा विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) ऱ्हास असतो. आधी सांधे घट्ट करा. तरी फरक पडला नाही, तर ट्रान्सफॉर्मरपासून समोरच्या बाजूला तारांची आणखी एक जोडी न्या.

एचओ

प्रमाण १:८७, अंतर १६.५ मिमी. बारकावे सुंदर, डब्यांची निवड प्रचंड, खर्च ओपेक्षा बराच कमी. बाकमन कंपनीच्या ईझी ट्रॅकचे १८ इंच त्रिज्येचे १२ तुकडे ३६ इंचांचं वर्तुळ करतात, म्हणजे जागा ओ३६ इतकीच.

तरीही कार्पेटवर एचओ मांडू नका. चाकाची कड मिलिमीटरभरही नसते, रूळ जरा दबला की डबा उतरतो. त्याहून वाईट म्हणजे धागे. दातेरी चक्रांवर तेल असतं, त्याला कार्पेटचा बारीक धागा चिकटतो, आसावर गुंडाळत जातो आणि मोटर तापते. पाइनच्या सुयाही तेच करतात. अर्धा इंच जाडीच्या प्लायवूडचा ४ बाय ४ फुटांचा तक्ता, वर हिरवं किंवा पांढरं फेल्ट ताणून बसवलेलं आणि झाड त्याच तक्त्यावर उभं, अशी तयारी असेल तर एचओ जरूर घ्या. फेल्ट रुळाखाली नीट दाबून बसवा, सुटा कापूस ‘बर्फ’ म्हणून रुळाजवळ पसरू नका.

काळ्या बैठकीचा ईझी ट्रॅक पोलादी मिश्रधातूचा असतो, करड्या बैठकीचा निकेल सिल्व्हरचा. पोलादी रूळ दमट हवेत गंजतो, म्हणून थोडे जास्त पैसे घालून करडाच घ्यावा.

ऑन३०

याचा विचार फार कमी जण करतात. गाडी १:४८ प्रमाणाची, पण धावते एचओच्या रुळावर. खऱ्या अरुंद गेजच्या रेल्वेची प्रतिकृती. झाडाखाली चिनी मातीची दिव्यांची घरं मांडायची असतील तर एचओचं इंजिन त्यांच्यापुढे खेळण्यातलं खेळणं वाटतं, ऑन३० शोभतं. तक्ता मात्र इथेही हवाच.

जी

रूळ ४५ मिमी अंतराचे. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ मध्ये हा प्रकार आणला, प्रमाण १:२२.५. त्यांचं सर्वांत घट्ट आर१ वळण ६०० मिमी त्रिज्येचं, १२ तुकड्यांत वर्तुळ, आणि बाहेरून जवळपास १.३ मीटर जागा. पितळी रूळ, भारी चाकं, कार्पेटवरही गाडी डौलात चालते. पण फांदी निदान १० इंचांवर हवी आणि खोली मोठी हवी. भेटवस्तूंची खोकी वर्तुळाबाहेर ठेवायची तर अजून जागा लागेल. किंमतही चढी. ९ फुटी झाड आणि उंच छत असेल तर याच्या तोडीचं काही नाही.

एन गेज (१:१६०, ९ मिमी) झाडाखाली हरवून जातं. टेबलावरच्या छोट्या झाडासाठी ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलांनी स्वतः हाताळायची असेल, तर प्लॅस्टिक रुळांची बॅटरीवरची गाडी योग्य. रुळांत वीज नसल्यामुळे चमकीचा, म्हणजे झाडावर सोडतात त्या धातूचा मुलामा असलेल्या चकचकीत पट्ट्यांचा, धोकाही नाही.

विजेच्या रुळांवर मात्र चमकी सगळ्यांत मोठी शत्रू. एक पट्टी दोन रुळांवर आडवी पडली की शॉर्ट, आणि संच बंद. रेल्वे मांडणार असाल तर चमकी वापरूच नका. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. स्टील वूल नको. त्याचे कण मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात.

कार्पेट असलेल्या साध्या दिवाणखान्यात आणि घरात लहान मुलं असताना आमचं मत स्पष्ट आहे: ओ गेज, ओ४८ वळणं, सांधेबदल (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) नाही. झाडाखाली वाकून घसरलेला डबा बसवायचा तर तो सांधेबदलावरच घसरलेला असतो.

संच वसईला किंवा गोव्याला न्यायचा असेल तर अडॅप्टरच्या मागचा मजकूर वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट असेल तर फक्त पिनेचा प्रश्न. नुसतं १२० लिहिलं असेल तर २३० मध्ये थेट लावू नका, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तिकडच्या फरशीवर धाग्यांचा त्रास नाही, पण रूळ सरकतात. खाली रबरी जाळीची चटई अंथरा.

मांडणी झाडाआधी करून बघा: वर्तुळ मोकळ्या जागेत जोडा, अर्धा तास गाडी चालवा, मग दोन सांधे उघडून स्टँडभोवती सरकवा. झाडाच्या पायाचं कापड वर्तुळाच्या आत दुमडून ठेवा, रुळाखाली कधीच नाही. आणि जानेवारीत आवरताना आधी गाडी आणि रूळ उचला, मग झाड हलवा. सुयांचा खरा पाऊस झाड ओढताना पडतो.