ग्रीन टीचा अर्क की लायकोपीन? रात्रीच्या फेऱ्या मोजून काढलेलं मत

प्रोस्टेट वाढलंय, ऑपरेशनची वेळ आलेली नाही, डॉक्टर म्हणतात ‘बघू या’, आणि रात्री लघवीला उठण्याच्या फेऱ्या मात्र चालूच. या मधल्या काळात माणूस बाटल्यांवरची लेबलं वाचायला लागतो. मीही लागलो. दीड वर्षात तीन अर्क घेऊन पाहिले, एका वेळी एकच. उशाशी छोटी वही ठेवली होती. उठलो की एक रेघ. माझं मोजमाप एवढंच, त्यामुळे पुढचं सगळं त्याच बेताने घ्यावं.

सॉ पाल्मेटोचं, म्हणजे एका बुटक्या ताडाच्या फळांच्या अर्काचं, आधी उरकतो. नाव सगळ्यांत मोठं, निकाल सगळ्यांत रुक्ष. २००६ मध्ये २२५ पुरुषांना वर्षभर रोज ३२० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २०११ च्या प्रयोगात डोस तिपटीपर्यंत चढवत नेला. दोन्ही वेळा खोट्या गोळीपेक्षा सरस काही निघालं नाही. माझ्या वहीतही रेघा तेवढ्याच राहिल्या. वर त्या कॅप्सूलचे खवट तेलाचे ढेकर. दोन महिन्यांत सोडली.

खरी चुरस उरलेल्या दोघांत: ग्रीन टीचा अर्क आणि लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य. दोन्ही अँटिऑक्सिडंट म्हणून विकली जातात, आणि कागदावर ग्रीन टीचं पारडं जड वाटतं. २००६ मध्ये इटलीत प्रोस्टेटमध्ये कर्करोगपूर्व बदल असलेल्या ६० पुरुषांवर प्रयोग झाला. वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन (ग्रीन टीतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) घेणाऱ्या गटात एकाला कर्करोग निघाला, न घेणाऱ्यांत नऊ जणांना. हे वाचून मी लगेच बाटली आणली होती. पुढे अमेरिकेत ९७ जणांवर तसाच प्रयोग झाला आणि ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही, हे मी जरा उशिरा वाचलं.

पण मी ग्रीन टी सोडला तो या आकड्यांमुळे नाही. सकाळी रिकाम्या पोटी कॅप्सूल घेतली की मळमळायचं, म्हणून ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला लागलो. वहीत दोन-तीन रेघा असायच्या, त्या चार झाल्या. मला वाटलं, दुखणंच वाढलं. धार तर आधीसारखीच होती, पण झोप सशासारखी. जरा खुट्ट झालं की जाग, आणि जाग आली की जावंसं वाटणारच. एका रात्री सव्वातीन वाजता चष्मा शोधून, बाथरूमच्या दिव्याखाली बाटली धरून लेबल शेवटपर्यंत वाचलं. तळाच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत: कॅफीन. ज्या त्रासासाठी औषध, तोच त्रास मी रोज रात्री पाण्याबरोबर गिळत होतो!

कॅफीन काढलेला अर्कही मिळतो, तो आणला. मळमळ उरलीच, आणि एक नवी धाकधूक लागली. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) पोटात गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय. माझा डोस त्याच्या आत होता, तरी डॉक्टरांनी यकृताची तपासणी मागे लावलीच. एका दुखण्यासाठी किती सुया टोचून घ्यायच्या?

लायकोपीनच्या बाजूने पुरावा त्याहून बारका आहे, हे मान्य करतो. २००८ चा एक प्रयोग: कर्करोग नसलेले, प्रोस्टेट वाढलेले ४० जण, रोज १५ मिलिग्रॅम, सहा महिने. घेणाऱ्यांची ग्रंथी पुढे वाढली नाही, न घेणाऱ्यांची वाढली. चाळीसच माणसं; पण निदान माणसं माझ्यासारखी होती. कॅप्सूल तेलातली असते आणि जेवणाबरोबरच घ्यायची, कारण स्निग्धाशिवाय ती नीट अंगी लागत नाही. एकदा एक फुटली तर बोटाला लागलेला लालभडक डाग दोन दिवस साबणाला दाद देईना. तक्रार म्हणाल तर एवढीच. वहीत रेघा पुन्हा दोनवर आल्या, कधी एक. श्रेय कॅप्सूलचं की संध्याकाळनंतर पाणी कमी केल्याचं, हे शपथेवर सांगणार नाही.

तुमची झोप गाढ असेल आणि पोट दणकट असेल, तर ग्रीन टी तुम्हाला कदाचित मानवेलही. मात्र मात्रा वाढवायचा मोह नको. ई जीवनसत्त्वही अँटिऑक्सिडंटच; ३५ हजारांवर पुरुषांच्या प्रयोगात ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, हे २०११ मध्ये बाहेर आलं. पीएसए तपासणीआधी (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) काय घेताय ते डॉक्टरांच्या कानावर घाला. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी तुंबली तर बाटल्या बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

कॅफीन काढलेली ती बाटली अजून कपाटात आहे, निम्मी भरलेली. लायकोपीनची चौथी परवा उघडली.