मालवणच्या पावसात ई-रीडर आणि सारा वॉटर्स

आमच्याकडे मालवणात जूनमध्ये कपाटात ठेवलेलं पुस्तक गणपतीला काढावं, तर पुठ्ठ्यावर बुरशी. म्हणून सहा इंची ई-रीडर घेतला. पडवीत भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं, वादळात दोन दिवस वीज गेली तरी चार्जिंगची चिंता नाही. मराठी पीडीएफ मात्र यावर वाचवत नाही, अक्षर मुंगीएवढं होतं.

याला मुखपृष्ठ नाही, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी सोय. बाईवर प्रेम करणारी मी, एस.टी.त शेजारी कोण बसलंय याची फिकीर न करता सारा वॉटर्स वाचू शकले. वेल्समध्ये १९६६ साली जन्मलेल्या या लेखिकेने समलिंगी ऐतिहासिक कथासाहित्यावर पीएच.डी. केली आणि १९९८ मध्ये 'टिपिंग द व्हेल्व्हेट' ही पहिली कादंबरी आणली. 'अ‍ॅफिनिटी'ला सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला, 'फिंगरस्मिथ'ला ऐतिहासिक गुन्हेकथांसाठीचा डॅगर पुरस्कार. बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत ती तीनदा आली. तिच्या बायका कुणाची कीव मागत नाहीत. त्या फसवतात, कट रचतात, हव्यासाने प्रेम करतात, आणि मला नेमक्या तशाच हव्या होत्या.

जीव अडकला तो 'द पेइंग गेस्ट्स'मध्ये (२०१४). लंडन, १९२२. दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेलेले, वडील कर्ज ठेवून वारलेले; आई आणि मुलगी फ्रान्सिस घरातल्या खोल्या भाड्याने देतात. मोलकरीण परवडत नाही, म्हणून फ्रान्सिस स्वतः गुडघ्यांवर बसून दिवाणखान्याबाहेरची फरशी घासते, आणि आईला ते बघवत नाही. आम्हीही मायलेकी होमस्टे चालवतो. परक्याची पावलं माडीवर वाजली की आई कशी गप्प होते, ते मला ठाऊक आहे. भाडेकरू लिलियनशी फ्रान्सिसचं जुळतं, ते याच दबलेल्या घरात. प्रेमकथा म्हणून सुरू झालेली गोष्ट मग जिथे जाते, तिथे मी रात्री दोन वाजता यंत्राचा दिवा मंद करून वाचत होते.

अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ समोर येतो. 'फिंगरस्मिथ'मधली चोरांची जुनी बोली मात्र यंत्रातल्या शब्दकोशात बरेचदा नसते, संदर्भानेच समजून घ्यावी लागते.

घेणार असाल तर पाणी सोसणारं मॉडेल घ्या, इथल्या हवेला तेच बरं. सुरुवात 'फिंगरस्मिथ'ने करा, आणि पहिला भाग संपेपर्यंत त्या कादंबरीबद्दल कुठेही काही वाचू नका.