पुण्याजवळचं व्यसनमुक्ती केंद्र, एमडीच्या (मेफेड्रोन या ड्रगच्या) पेशंटसाठी कसं आहे?

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, धाकट्या भावाची ओळख उघड व्हायला नको. पण एमडीसाठी सेंटर शोधणाऱ्या घरांना काय विचारून घ्यायचं हे कळावं म्हणून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. डॉक्टर मॅडम खरंच जाणकार आहेत. एमडी बंद झालं की दारूसारखे हातपाय थरथरत नाहीत, माणूस नुसता झोपतो, उठला की अधाशासारखा खातो आणि मग इतका उदास होतो की जगून काय करू असं बोलायला लागतो, आणि धोका तिथेच असतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत आईला शेजारी बसवून समजावलं. हेरॉईनवाल्यांना बुप्रेनॉर्फिन देतात तशी यावर गोळी नाही, एमडीला नाही आणि मेथलाही (मेथॅम्फेटामाइन, अशीच दुसरी नशा) नाही, खरं काम समुपदेशनाचं आणि ते लांबतं, हेही स्पष्ट सांगितलं, खोटी आशा दाखवली नाही. भाऊ आला तेव्हा गालाची आतली बाजू चावून चावून सोललेली होती, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, तर किचनमधल्या मावशी त्याच्यासाठी रोज वेगळा मऊ भात काढून ठेवायच्या. आत जाताना बॅग तपासतात, चपलेचा सोलसुद्धा वाकवून बघतात. मला ते बरंच वाटलं.

आता वाईट. पॅकेज तीन महिन्यांचं, पैसे आधी, आणि तोवर घरच्यांशी फोन बंद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे पेशंटही येतात, पेशंटला फोन करायचा हक्क आहे, स्वतःहून आलेला पेशंट जातो म्हणाला तर त्याला असं अडकवून ठेवता येत नाही. हे बोलले तर मॅनेजर म्हणाले, ताई, इथे आमचे नियम चालतात. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दाखवा म्हटलं, ते काही शेवटपर्यंत दाखवलं नाही.

आणि सेंटर सरकारमान्यही नव्हतं म्हणून आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं. भावावर केस आहे, खिशात छोटी पुडी सापडलेली. एनडीपीएसच्या (अमली पदार्थांचा कायदा) ६४अ कलमात सोय आहे की थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर खटला चालत नाही, पण ते हॉस्पिटल किंवा संस्था सरकारी किंवा सरकारमान्य पाहिजे. वकिलांनी सेंटरचं पत्र बघितलं आणि सरळ सांगितलं, कोर्टात याचा उपयोग नाही. मग सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यातही उपचार अर्धवट सुटले तर ही सवलत काढून घेता येते. आता या नशेत माणूस घसरतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा घसरतो, हे प्रत्येक डॉक्टर सांगतात, मग कायद्याने घसरणाऱ्याला सांभाळून घ्यायला नको का?

थोडा माल म्हणजे किती, तर एमडी काय आणि मेथ काय, २ ग्रॅम. त्याच्या वर, ५० ग्रॅमच्या आत गेलं की शिक्षा १० वर्षांपर्यंत, आणि ५० च्याही वर गेलं तर कमीत कमी १० वर्षं. आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग केसमध्ये ठरवलं की भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं, म्हणजे पुडीत एमडी चिमूटभर आणि बाकी भेसळ असली तरी मोजायची अख्खी पुडी. विकणारा भेसळ करतो, त्याची शिक्षा घेणाऱ्या पोराच्या वाट्याला येते. एमडी या कायद्यात आलं तेच २०१५ मध्ये, तोवर मुंबईत म्याव म्याव नावाने पोरांच्या हातात पोचलेलं होतं. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या फॅक्टरीतून शेकडो किलो निघालं. एवढा माल तयार होत असताना पुडीवाल्या पोराला कोर्टाच्या चकरा मारायला लावून नक्की काय थांबतंय, मला खरंच राग येतो.

डॉक्टर मॅडमना पाचपैकी पाच, सेंटरला दोन. ॲडमिशनच्या आधी तिन्ही गोष्टी कागदावर मागा: रजिस्ट्रेशन, सरकारमान्यता, आणि फोन-भेटीचे नियम. केस चालू असेल तर पैसे भरण्याआधी वकिलांना विचारा. आणि सरकारी हेल्पलाइन १४४४६ वर फोन फुकट लागतो, आम्हाला जवळच्या सरकारी वॉर्डाचा पत्ता तिथूनच मिळाला.