कोल्चिसिन, रोज, नऊ महिने : माझा अनुभव

मला एफएमएफ आहे, म्हणजे फॅमिलियल मेडिटेरेनियन फिव्हर, जीनमधल्या बिघाडामुळे पुन्हापुन्हा ताप येणारा आजार. कोल्चिसिन हे त्यावरचं औषध. तुर्की, आर्मेनियन, अरब, ज्यू लोकांत जास्त, आपल्याकडे क्वचितच, त्यामुळे निदान व्हायला अकरा वर्षं गेली. दर तीन-चार आठवड्यांनी १०३ ताप, पोट लाकडासारखं कडक, हात लावू देणार नाही असं, आणि दोन दिवसांत आपोआप सगळं गायब. मधे एकदा अपेंडिक्स समजून ऑपरेशनही झालं, काढलेलं अपेंडिक्स नॉर्मल निघालं आणि पुढच्याच महिन्यात पोट परत तसंच. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजीच्या (सांधे आणि सुजेचे आजार पाहणाऱ्या) मॅडमनी कालनिर्णयवर तापाच्या तारखांना मी केलेले लाल गोल पाहिले, तीन वर्षांचे, आणि लगेच जीन टेस्ट लिहून दिली.

त्यांनी कागदावर काढून समजावलं. पांढऱ्या पेशींत पायरिन नावाचं प्रोटीन असतं, पहारेकरीच म्हणा. काही जंतूंची विषं पेशीतलं आरएचओए नावाचं प्रोटीन बंद पाडतात, आणि पायरिनला नेमकं तेच कळतं. एरवी, आरएचओए चालू असताना, फॉस्फेट लावून पायरिनला बांधून ठेवलेलं असतं, ते बंधन सुटलं की इन्फ्लमासोम नावाचा प्रोटीनचा गट जमतो, कॅस्पेज-१ हे एन्झाइम चालू होतं, आयएल-१ बीटा हे सूज आणणारं प्रोटीन बाहेर पडतं, मग ताप आणि सूज. पायरिन बनवणाऱ्या माझ्या एमईएफव्ही जीनमधे बिघाड असल्यामुळे दोर आधीच सैल, चोर नसतानाच आरडाओरडा. अँटिबॉडीचा यात काही संबंध नाही, म्हणून हा ऑटोइम्यून (अँटिबॉडी आपल्याच शरीरावर उलटतात तसा) नाही, ऑटोइन्फ्लमेटरी, म्हणजे सूज आपोआप पेटणारा आजार. कोल्चिसिन पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे आधार देणाऱ्या बारीक नळ्या, मोडतं, त्यांना चिकटलेलं एक प्रोटीन सुटतं, ते आरएचओएला जागं करतं आणि पायरिन परत बांधलं जातं. गंमत म्हणजे हे औषध एफएमएफला १९७२ पासून देतात आणि जीन सापडलं १९९७ मधे!

आता गोळी. ०.५ मिलिग्रॅमची, इतकी बारीक की स्ट्रिपमधून काढताना दोनदा फरशीवर हरवली. सुरुवात रात्री एकने, मग सकाळ-संध्याकाळ एकेक. पहिले तीन आठवडे जुलाबांनी जीव नकोसा झाला, ऑफिसला जाताना रस्त्यात कुठे कुठे टॉयलेट आहे ते पाठ झालं होतं. जेवणाच्या मधे घ्यायला लागलो आणि दूध कमी केलं तेव्हा पोट सावरलं. नऊ महिन्यांत दोनच अटॅक, त्यातला एक माझ्या चुकीने, गणपतीला गावी गेलो आणि स्ट्रिप पुण्यातच राहिली, तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी थंडी वाजायला लागली. अटॅक सुरू झाल्यावर गोळी वाढवून काही होत नाही, रोज घेतली तरच उपयोग.

सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारा आकडा, अटॅकमधे १४० असायचा, आता मधल्या काळात ३. पण मला जास्त धास्ती किडनीची, सूज वर्षानुवर्षं राहिली तर तिथे अमायलॉइड नावाचं चिकट प्रोटीन साचतं, म्हणून दर सहा महिन्यांनी लघवीतलं प्रोटीन तपासतो. अजून तरी निल आहे, रिपोर्ट उघडताना हात थरथरतो तो थरथरतोच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खोकल्यासाठी एका डॉक्टरांनी मला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, मी रोज कोल्चिसिन घेतो हे सांगूनसुद्धा. मेडिकलवाल्या दादांनी अडवलं. या दोन्ही एकत्र घेतल्या तर कोल्चिसिन रक्तात साचतं, जिवावर बेतू शकतं. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं, आजी आम्हाला त्या वेलाजवळ फिरकू द्यायची नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे, स्ट्रिप कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवतो.