नॉर्थ की साऊथ गोवा? महागडं रिसॉर्ट बुक करायच्या आधी रात्री कुठे जेवणार ते ठरवा

रिसॉर्टच्या साइटवर सगळे पूल सारखेच निळे दिसतात, सगळ्या खोल्यांत त्याच पांढऱ्या चादरी आणि बेडवर तोच टॉवेलचा हंस, त्यामुळे माणूस शेवटी ऑफर बघतो आणि बुक करून मोकळा होतो. गोव्यात असं करू नका. इथे पाच स्टार खोली नॉर्थला काय आणि साऊथला काय, उन्नीस-बीसचा फरक. खरा फरक पडतो संध्याकाळी सातनंतर, म्हणजे भूक लागल्यावर. रात्री बाहेर पडून रोज वेगळ्या ठिकाणी जेवायचंय का रिसॉर्टमध्येच पाय पसरून बसायचंय, एवढं घरात आधी एकदा बोलून घ्या, अर्धा निर्णय तिथेच होतो.

आधी समुद्राचं बघू, कारण "सी व्ह्यू"साठी लोक रात्रीला चार-पाच हजार जास्त मोजतात आणि मग बाल्कनीतून माड दिसतात. साऊथला वेळसावपासून मोबोरपर्यंत साधारण पंचवीस किलोमीटरची सलग पांढरी वाळू आहे, आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी (दापोलीजवळची नव्हे, कॅवेलोसिम म्हणतात ती). पण जमीन सपाट, मध्ये वाळूच्या टेकड्या, आणि १९९१ च्या सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या) नियमांनंतर अशा गावांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत हॉटेल बांधता येत नाही, त्याच्या मागे बांधलं तरी उंची ९ मीटरपर्यंतच. म्हणून साऊथच्या बऱ्याच मोठ्या रिसॉर्टमध्ये खोली बाग, लगून किंवा गोल्फच्या हिरवळीकडे तोंड करून असते आणि समुद्र पाच-सात मिनिटं चालून किंवा बग्गीने. वाईट अजिबात नाही, फक्त आधी माहीत असलेलं बरं. माजोर्ड्याचं अलिला दिवा तर सरळ भातशेतीकडे बघतं आणि पावसाळ्यात तो व्ह्यू मला तरी समुद्रापेक्षा भारी वाटतो.

याच्या उलट नॉर्थला सिकेरीचं ताज फोर्ट आग्वाद. ते नियमांच्या आधीचं, सत्तरच्या दशकातलं, १६१२ च्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटबंदीला लागून उतारावर बसवलेलं, त्यामुळे तिथून समुद्र खरंच समोर दिसतो. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीच्या परिषदेतून विसाव्याला आले होते ते इथेच. बांधकाम जुनं आहे, काहींना ते जुनाट वाटेल, पण सूर्यास्ताला हातात ग्लास घेऊन तटावर बसायचं असेल तर गोव्यात याच्या तोडीचं फार काही नाही. मात्र खाली उतरलात की वाळूवर वॉटरस्पोर्टवाल्यांची गर्दी, ती सिकेरीपासून कांदोळी, कळंगुट, बागापर्यंत काही सुटत नाही. शांत नॉर्थ पाहिजे तर आणखी वर मोरजी, आश्वे, मांद्रे. मोरजीला कासवं अंडी घालतात म्हणून सीझनमध्ये वाळूवर लायटी आणि मोठ्या आवाजावर बंधनं असतात, झोपायला उत्तम. तिकडे मोठ्या ब्रँडपेक्षा छोटी बुटीक रिसॉर्ट्स आणि व्हिला जास्त, ग्रुपने जात असाल तर ते परवडतं पण.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, "प्रायव्हेट बीच" नावाचं गोव्यात काही नसतं. वाळू सरकारची, कोणीही चालत येऊ शकतं. साऊथला एकांत मिळतो तो गर्दी कमी म्हणून आणि गेटवर वॉचमन बसलाय म्हणून, हक्काने नाही.

आता जेवण.

नॉर्थची ताकद रिसॉर्टच्या बाहेर आहे. आसगाव, शिवोली, हणजूण (अंजुना), वागातोर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इतकी रेस्टॉरंट झालीयेत की जुन्या पोर्तुगीज घराच्या पडवीत टेबलं मांडून कोणी जपानी देतंय, कोणी केरळी, शिवोलीला नदीकाठी थलासामध्ये ग्रीक, आसगावात गनपावडरमध्ये दक्षिण भारतीय, आणि त्याच गावात विनायकमध्ये साधी फिश थाळी जिच्यासाठी दुपारी ताटकळायची तयारी ठेवायची. कॉकटेल, म्युझिक, फोटो, सगळं इथे. साळगावला फ्लोरेंटाइनचं चिकन काफ्रियाल खाऊन या, दिसायला काहीच नाही, हिरव्या मसाल्यातली कोंबडी, पण लोक लांबून येतात. तोटा हा की अरुंद रस्ते, पार्किंगची बोंब, आणि वीकेंडला टेबल आधी बुक केलं नसेल तर दहा वाजेपर्यंत भटकंती. लहान पोरं बरोबर असतील तर ही मजा दुसऱ्या दिवशीच संपते.

साऊथला बाहेर चॉइस कमी, पण जे आहे ते गोंयकाराच्या घराच्या जास्त जवळचं. साष्टीचं (मडगावच्या आसपासचा तालुका, मुंबईजवळची नव्हे) ख्रिश्चन स्वयंपाकघर म्हणजे माडाच्या ताडीचं व्हिनेगर, रेशाद मसाला भरलेला बांगडा, शागुती, बाल्शांव, गरम पोय (गोव्याचा पाव). बेताळभाटीचं मार्टिन्स कॉर्नर आता पार टुरिस्टी झालंय असं लोक म्हणतात, झालंय, तरी चव अजून टिकून आहे. उतोर्ड्याला झीबॉप वाळूतच आहे, संध्याकाळी तिथे. केळशीला साळ नदीच्या काठी फिशरमन्स वार्फ, आणि जवळच कुटबणचा मोठा मासेमारी धक्का असल्यामुळे या टोकाला मासळी ताजी असते. शिवाय रिसॉर्टच्या गेटातून वाळूवर उतरलं की सीझनमध्ये शॅक (वाळूवरच्या झोपडीवजा खानावळी) असतातच, तिथे चणाक किंवा मोडसो मासा निवडून तव्यावर करून घ्या. सोरपोतेल आणि चोरिस डुकराचं असतं, घरात कोणाला चालत नसेल तर ऑर्डरच्या आधी विचारा, मेन्यूत दरवेळी स्पष्ट लिहिलेलं असेलच असं नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना मात्र हवं असतं ते सारस्वती जेवण, हुमण (नारळातली माशाची कढी), तिरफळ घातलेलं बांगड्याचं उड्डमेथी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. ते या बीच बेल्टवर, नॉर्थ असो की साऊथ, जरा शोधावंच लागतं. त्यासाठी पणजीला रिट्झ क्लासिक किंवा कोकणी कॅन्टीन. आणि इथेच तिसरा पर्याय येतो जो कोणी विचारातच घेत नाही.

पणजीची बाजू. दोनापावलाजवळ वायंगिणीला सिदाद द गोवा आहे, चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेलं, आता ताजकडे, आणि बांबोळीला ग्रँड हयात. समुद्र इथे उपसागराचा, शांत, मोठ्या लाटा नाहीत, पोहायला येणाऱ्यांना फिकं वाटेल. पण पणजीत जेवायचं, फोंतेन्यासमध्ये चालायचं, जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी, शांतादुर्गा, सगळं अर्ध्या-पाऊण तासात. आईबाबांना घेऊन जाताय आणि त्यांना बीचपेक्षा देऊळ आणि मासे महत्त्वाचे, तर डोळे झाकून ही बाजू घ्या.

अंतरांचा हिशोब करा नाहीतर सगळं ओंफस होतं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तो पार उत्तरेला पेडण्यात. तिथून मांद्रे-मोरजी जवळ पण बाणावली दीड-दोन तास. दाबोळीहून उलट, आरोशी-माजोर्डा अर्ध्या तासात. स्वस्त तिकीट बघून मोपाला उतरायचं आणि साऊथला राहायचं यात वाचलेले पैसे टॅक्सीवाला घेतो, कारण गोव्यात ओला-उबर नाही, गोवामाइल्सचं अॅप आहे, बाकी स्टँडवरच्या टॅक्सीचा भाव ते सांगतील तो. वंदे भारत थिवीला आणि मडगावला दोन्हीकडे थांबते, नॉर्थवाल्यांनी थिवी, साऊथवाल्यांनी मडगाव. जुवारीवर नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा तो कुप्रसिद्ध ट्रॅफिक बराच सुटलाय, तरी "साऊथला राहू आणि जेवायला आसगावला जाऊ" हे प्लॅन फक्त कागदावर जमतात, जाऊन येऊन तीन तास आणि घेतली असेल तर गाडी कोण चालवणार. स्वतःची गाडी आंबोलीवरून घेऊन येत असाल तर गणित बदलतं, पण पिऊन चालवण्याचा प्रश्न तिथेही आहेच.

बिलाचं पण सांगतो, हे बुकिंगच्या वेळी कोणी बोलत नाही. खोली रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी, आणि अशा हॉटेलमधल्या रेस्टॉरंटच्या बिलावर पण १८. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५. चौघांचं कुटुंब तीन-चार दिवस तिन्ही वेळा आतच जेवलं तर हा फरक चांगलाच लागतो, वर आतले मूळ भावही तिप्पट. म्हणून साऊथला राहणार असाल तर नाश्ता आणि एक जेवण धरलेलं पॅकेज घ्या, तिन्ही वेळचं नको, दुपारी शॅकवर खा. नॉर्थला फक्त नाश्ता पुरे. आणि मासळीपुढे मेन्यूत एपीएस लिहिलेलं असेल तर आकाराप्रमाणे भाव लागतो, मासा बघून, वजन करून, रुपये विचारून मगच हो म्हणा, नाहीतर एका शेवंडीत विमानाचं तिकीट जातं.

रिसॉर्टच्या आतलं गोवन जेवण कसं असतं? बुफेत असेल तर बहुतेक वेळा मवाळ, तिखट कमी, आंबट कमी, सगळ्या देशांच्या पाहुण्यांना चालेल असं. सगळी ठिकाणं तशी नाहीत, अलिलाच्या स्पाइस स्टुडिओची किंवा बाणावलीच्या ताज एक्झॉटिकामधल्या वाळूजवळच्या लॉबस्टर शॅकची लोक नीट तारीफ करतात. बाकी ठिकाणी एक करा, सकाळी नाश्त्याला शेफ फिरत असतो त्याला सांगा की रात्री आम्हाला घरच्यासारखी माशाची कढी आणि उकड्या तांदळाचा भात पाहिजे. स्थानिक कूक असेल तर तो खूश होऊन करतो, आणि ती वाटी अख्ख्या बुफेवर भारी पडते. शाकाहारींनी खतखतें (मिश्र भाज्यांचं) आणि आळसांद्याची (चवळीसारखं कडधान्य) भाजी मागून बघावी, नाहीतर पनीर आहेच पाचवीला पुजलेलं.

तर माझ्या मते, नवीन लग्न झालेलं जोडपं, वाचायचंय, झोपायचंय, मसाज घ्यायचाय, साऊथ, त्यातही मोबोरच्या टोकाला सेंट रेजिस (आधीचं लीला) किंवा बाणावली. लहान मुलं, तरी साऊथ, पूल मोठे आणि आवार मोकळं, ताज एक्झॉटिका ५६ एकर आहे, पोरं दमून झोपतात. मित्रांचा ग्रुप असेल तर नॉर्थ, आणि तेव्हा रिसॉर्टवर पैसे उडवूच नका, दिवसभर बाहेर असणार तुम्ही, मांद्र्यात व्हिला घ्या आणि वाचलेले जेवणावर घाला. पहिल्यांदाच गोवा बघणाऱ्यांनी दोन-दोन रात्री वाटून घेतल्या तरी चालतं, फक्त आधी नॉर्थ मग साऊथ, उलट केलं तर शेवटच्या दिवशी थकून घरी जाल.

कधी जायचं यावर पण बरंच अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर भाव पडतात, तीच खोली अर्ध्यात मिळू शकते, पण समुद्रात उतरता येत नाही, शॅक मे अखेरीस उचललेले असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे सुरमई बहुतेक बर्फातली, नदीतले मासे आणि सुकी मासळी खा. या दिवसांत साऊथचं मोठं रिसॉर्ट घ्या, कारण बाहेर तसंही फार काही उघडं नसतं आणि पावसात तो परिसर देखणा दिसतो. एप्रिल-मे उकाडा असतो पण उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) तेव्हाच मिळतो, लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा टाकून. नाताळ ते एकतीस डिसेंबर मात्र जाऊच नका असं माझं मत, भाव दुप्पट-तिप्पट, आणि बरीच रिसॉर्ट्स २४ आणि ३१ च्या गाला डिनरचे पैसे सक्तीने लावतात, बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात, माणशी. जायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी फोन करून तो आकडा विचारा आणि ईमेलवर लेखी घ्या.