वालाची तहान लायमावर: फोर्डहूक २४२ चं बियाणं

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या देशी दुकानातल्या फ्रोझन वालाला कंटाळून यंदा फोर्डहूक २४२ या बुटक्या लायमाचं (लायमा बीन, वालासारखीच शेंग) पाकीट आणलं. १९४५ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नवी वाणं पारखणाऱ्या अमेरिकन संस्थेचं पारितोषिक मिळवलेलं जुनं वाण. झुडूप जेमतेम गुडघ्याएवढं, मांडवाची कटकट नाही. एप्रिलअखेर घाईने पेरलं ते सगळं कुजलं. चूक माझीच, माती गार होती. जूनमध्ये पुन्हा बारा दाणे टोकले, बाराही उगवले. पाकिटावर ७५ दिवस लिहिलंय, मला ८० लागले.

शेंगा सोलताना अंगठ्याचं नख दुखतं हो! मी सरळ कात्रीने कड कापते. आत दोन-तीन टपोरे, फिकट हिरवे दाणे. कच्चे तोंडात टाकू नका, त्यातून सायनाइड सुटतं. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळा आणि ते पाणी ओतून द्या. मग हिंग-मोहरीची फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ, ओलं खोबरं. वालाचा कडसरपणा नाही, पण दाणा लोण्यासारखा. सासूबाई म्हणाल्या, "डाळिंब्या नव्हेत गं या. वाढ अजून थोडी."

पाकिटात मोजून चाळीस दाणे, त्यातले पाच फुटके. एक तारा त्याचा कापला. पाचात चार.