इव्हान्स तराजू: रोज वापरणारीचा अनुभव

चुंबकीय ग्रहणक्षमता, म्हणजे पदार्थ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते, मोजणारा हा छोटा तराजू मी संशोधनाच्या पहिल्या वर्षापासून वापरते आहे. जुन्या गूय तराजूत चुंबक स्थिर असायचा आणि नमुना ओढला जायचा. इथे नमुना जागेवर राहतो, चुंबकच हलतात. त्यामुळे यंत्र टेबलावर मावतं आणि थोड्याशा पुडीत काम भागतं.

खरी मेहनत नळी भरण्यात आहे. पूड अगदी बारीक करायची, नळी लाकडावर हळूहळू आपटत राहायची. मधे पोकळी राहिली की आकडा फसवतो. मी दरवेळी आधी पारा-कोबाल्ट थायोसायनेट, ज्याचा आकडा पक्का ठाऊक आहे, ते लावून बघते. 20 अंश सेल्सिअसला 16.44 × 10⁻⁶ (सीजीएस एककांत) यायलाच हवं. लोह(III)च्या उच्च-स्पिन (जास्तीत जास्त इलेक्ट्रॉन एकटे असलेल्या) संयुगाला पहिल्यांदा 5.9 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) आलं, तेव्हा पाच एकटे इलेक्ट्रॉन डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटलं!

उणीव एकच, पण मोठी: तापमान बदलता येत नाही. लोह-फेनँथ्रोलिन-थायोसायनेट 176 केल्व्हिनच्या आसपास स्पिन बदलतं (थंडीत इलेक्ट्रॉन जोडीने, तापल्यावर चार एकटे), या तराजूला त्याचा पत्ताच लागत नाही. आणि खरा गाभा तर त्या बदलातच आहे. नुसत्या स्पिनमुळे एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) दर मोलला 13.4 जूल प्रति केल्व्हिन वाढावी; सोराई आणि सेकी यांनी 1974 साली उष्माधारकता मोजून सुमारे 49 दाखवली. उरलेली बरीचशी रेणूच्या कंपनांची. त्यासाठी स्क्विड (हेलियमने थंड ठेवलेला अतिसंवेदनशील चुंबकमापक) आणि कॅलरीमीटर (उष्णतामापक) हवेत.

तरी माझा प्रत्येक नवा नमुना आधी याच तराजूत जातो, मगच हेलियमच्या यंत्राकडे.